रंगमंचावरचे कोर्ट आणि महाडचा दावा

कोर्टाचे नाटक महाविद्यालयीन रंगभूमीला नेहमीच जवळचे वाटत आले आहे. त्याची कारणे उघड आहेत. एक टेबल, चार खुर्च्या आणि एक पिंजरा एवढ्या सामानात नेपथ्य उभे राहते. वकील झालेल्या मुलाला लांबलचक भाषणे मिळतात आणि निकाल काय लागणार या उत्सुकतेने प्रेक्षक शेवटपर्यंत जागा सोडत नाही. हे केवळ आपल्याकडेच नाही. अमेरिकेत डेटन या गावी 1925 साली शाळेत उत्क्रांतीचा सिद्धान्त शिकवला म्हणून एका शिक्षकावर खटला झाला. त्या खटल्यावर आधारलेले 'इनहेरिट द विंड' हे नाटक 1955 साली आले आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी ते आपले मानले. मराठीत हा मान विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाला मिळाला. 1967 साली 'रंगायन' संस्थेने ते रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. 1971 साली सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला. तेव्हापासून हे नाटक विद्यापीठांच्या सभागृहांतून सतत होत आले आहे.

परंतु ज्या समाजाने न्यायालयाची पायरी हौसेने नव्हे, तर माणूस म्हणून जगण्यासाठी चढली, त्या समाजाच्या मुलामुलींनी हे नाटक कसे वाचावे, कसे करावे, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे.

मी हा प्रश्न ढाणकीत बसून विचारतो आहे. ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातले बाजाराचे गाव. तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते. 1948 पर्यंत नदीपलीकडे निजामाचे राज्य होते आणि अलीकडे इंग्रजांच्या अमलाखालचा वऱ्हाड. दोन काठांवर दोन कायदे होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र दोन्ही काठांवर एकच तिसरा कायदा लागू होता, आणि तो चावडीचा होता. त्या कायद्याला पुस्तक नव्हते, साक्षीपुरावा नव्हता आणि अपीलही नव्हते. फिर्यादीही तोच, पंचही तोच आणि अंमलबजावणी करणाराही तोच. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि पलीकडच्या नांदेड जिल्ह्यात वस्त्या पेटल्या, तेव्हा या चावडीनेच पुन्हा एकदा निकाल दिला होता. विधिमंडळाचा ठराव चावडीला मान्य नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. तो ठराव नामविस्ताराच्या रूपाने प्रत्यक्षात यायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला.

ऐंशीच्या दशकात मी नदीपलीकडच्या एका महाविद्यालयात शिकत होतो. तिथे हे नाटक आधी स्नेहसंमेलनात आणि मग विद्यापीठाच्या सभागृहात झाले. वकील सुखात्मेची भाषणे मला तोंडपाठ होती. परंतु माझे उच्चार 'गावाकडचे' ठरले आणि माझ्या वाट्याला सामंत आला. सामंत म्हणजे नाटकातला खेड्यातला माणूस, ज्याने कोर्ट कधी पाहिलेले नाही. त्याला कोर्ट म्हणजे काय ते कळावे म्हणून मुंबईची मंडळी खेळातला खटला उभा करतात. गंमत अशी की त्या सगळ्या नटसंचात खरे कोर्ट पाहिलेला मी एकटाच होतो. माझ्या वडिलांवर ई-क्लास जमिनीच्या अतिक्रमणाचा खटला होता. 1964-65 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली पडीक जमिनीचा प्रश्न देशापुढे आणला होता. त्या जाणिवेतून आमच्यासारख्या अनेकांनी अशा जमिनी कसायला घेतल्या आणि मग वर्षानुवर्षे तारखा भोगल्या. पुकारा होईपर्यंत झाडाखाली बसणे, साहेब आले नाहीत म्हणून परत फिरणे, पुढच्या तारखेसाठी मजुरी बुडवणे हे मी लहानपणापासून पाहिले होते. खेड्यातल्या माणसाला कोर्ट ठाऊक नसते, ही शहरी माणसाची समजूत आहे. खेड्यातल्या दलिताला कोर्ट चांगलेच ठाऊक असते.

गेल्या वर्षी ढाणकीतली काही मुलेमुली हेच नाटक बसवायचे म्हणून माझ्याकडे आली. बेणारेचे काम आमच्या वस्तीतली एक मुलगी करणार होती. ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला दोन बाजूंनी विरोध झाला. कार्यकर्ते म्हणाले, हे पांढरपेशांचे नाटक आहे, आपल्याला त्याच्याशी काय देणेघेणे? वस्तीतली वडीलधारी मंडळी म्हणाली, असल्या बाईचे सोंग आपल्या घरातल्या मुलीने का घ्यावे? हे दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, आणि त्यांचा विचार इतिहासाच्या आधारानेच केला पाहिजे.

पहिला आक्षेप घेऊ. आपल्याला स्वतःची नाट्यपरंपरा आहे आणि ती उसनी नाही. महात्मा फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिले. ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले असता नाकारले गेले आणि 1979 पर्यंत ते छापलेही गेले नाही. सत्यशोधक जलशांनी भटशाहीचा पंचनामा गावोगाव केला. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसापर्यंत नेला. महाविद्यालयीन रंगभूमीचेच बोलायचे, तर औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' 1955 साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या निमित्ताने ते अफाट जनसमुदायापुढे झाले. ज्यांना असा वारसा आहे त्यांनी दुसऱ्याच्या दारी का जावे, हा प्रश्न म्हणून गैर नाही. शिवाय तेंडुलकरांच्या या नाटकात एकही दलित पात्र नाही. चाळीतल्या मध्यमवर्गाची ही गोष्ट आहे. स्वतःला प्रागतिक म्हणवणारी ही मंडळी अणुअस्त्रांबद्दल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवर अभिरूप खटला चालवायला गावी येतात. व्हिएतनाम आणि अणुबॉम्ब यांच्या काळजीने ती व्याकूळ असतात. ज्या गावात आली आहेत त्या गावाच्या वेशीबाहेर काय चालले आहे, हे पाहायला मात्र त्यांना सवड नाही.

हे सगळे मान्य केले तरी नाटकातले कोर्ट नीट तपासून पाहा. मी ते नाटक समीक्षकाच्या नव्हे, तर पक्षकाराच्या नजरेने वाचतो, आणि मला त्यात चार गोष्टी दिसतात.

एक, आरोपीचा वकील आणि सरकारी वकील एकच आहे. सुखात्मे आधी बेणारेवर आरोप करतो आणि मग खुर्ची बदलून, पडेल आवाजात तिची बाजू मांडल्याचे नाटक करतो. दोन, न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन आरोपीविरुद्ध साक्ष देतो आणि परत येऊन न्यायासनावर बसतो. तीन, गावच्या सामंताला काही ठाऊक नसते. तो हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो आणि तीच साक्ष सत्य मानली जाते. चार, ज्या प्राध्यापक दामलेचा या प्रकरणाशी सर्वांत जवळचा संबंध आहे तो हजरच नाही. त्याला कोणी बोलावतही नाही. त्याची खुर्ची रिकामी राहते आणि शिक्षा बाईला होते. शेवटी तिला बोलायला दहा सेकंद दिले जातात. ती बोलते तेव्हा बाकीचे सारे थिजलेले असतात. म्हणजे तिची जबानी प्रेक्षक ऐकतात. कोर्ट ऐकत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही हा खटला हास्यास्पद आहे. आरोप भ्रूणहत्येचा आणि कलम सांगितले जाते तेव्हाच्या भारतीय दंडविधानाचे 302, जे खुनाचे कलम होते. गर्भपाताचे कलम वेगळे होते. गर्भपाताला ठरावीक परिस्थितीत परवानगी देणारा कायदा 1971 साली झाला आणि 1972 साली अमलात आला. म्हणजे नाटक आले तेव्हा तो नव्हता. आणि शिक्षा काय? भ्रूणहत्येचा आरोप ठेवलेल्या बाईचा गर्भ नष्ट करण्याची. जिच्यावर गुन्ह्याचा आरोप, तिच्यावर तोच गुन्हा शिक्षा म्हणून लादायचा. सोबत शिक्षिकेची नोकरीही काढून घ्यायची. वाचक शिक्षक असेल तर या दुसऱ्या शिक्षेचे वजन त्याला वेगळे सांगायला नको.

आता मी आपल्या कार्यकर्त्यांना विचारतो: हे कोर्ट आपल्याला अनोळखी आहे काय? फिर्यादी, पंच आणि साक्षीदार एकच. आरोपीला वकील नाही. जो खरा जबाबदार तो गैरहजर. आणि निकाल खटल्याच्या आधीच ठरलेला. ही तर चावडी आहे. काळा डगला घातला म्हणून चावडीचे कोर्ट होत नाही. तेंडुलकरांनी मध्यमवर्गाचा डगला उतरवून आतली चावडी दाखवली, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आणि त्या चावडीचा ग्रंथ कोणता, हेही नाटक सांगते. समारोपाच्या भाषणात सुखात्मे दंडविधानाचा आधार घेत नाही. स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही, या मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातल्या वचनाचा तो आधार घेतो. एकविसाव्या शतकाची वाट पाहणाऱ्या मुंबईच्या वकिलाला ऐन वेळी मनू आठवतो. मनुस्मृतीचा आठवा अध्याय हा न्यायदानाचा अध्याय आहे. त्यात साक्षीदार कोणी व्हावे हे जातीवर ठरते: द्विजांसाठी द्विज, शूद्रांसाठी शूद्र, अंत्यजांसाठी अंत्यज, स्त्रियांसाठी स्त्रिया. म्हणजे सवर्णाने अंत्यजावर अत्याचार केला तर अंत्यजाच्या साक्षीला किंमत नाही. शिवी दिल्याचा दंडही जातीवर ठरतो. ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला शंभर पण, वैश्याला दीडशे किंवा दोनशे आणि शूद्राला देहदंड. उलट ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर पन्नास, वैश्याला दिली तर पंचवीस आणि शूद्राला दिली तर बारा. एकच गुन्हा, पण माणूस बदलला की किंमत बदलते. स्त्री आणि शूद्र यांचा खटला या ग्रंथात वेगळा नाही. दोघांना एकाच पुस्तकाने पिंजऱ्यात उभे केले आहे.

म्हणूनच 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जे पुस्तक जाळले गेले ते केवळ अस्पृश्यांसाठी जाळले गेले नाही. ठराव मांडणारे गं. नी. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे संबोधून भाषण केले. सुखात्मेने ज्या वचनाच्या आधाराने बेणारेला दोषी ठरवले, ते वचन नाटकाच्या चाळीस वर्षे आधी महाडच्या मांडवात राख झाले होते. हे ज्याला ठाऊक आहे तो प्रेक्षक हे नाटक 'त्यांचे' आहे म्हणून सोडून देऊ शकत नाही. आणि हे ज्या दिग्दर्शकाला ठाऊक नाही त्याला नाटकाचा शेवट कळलेला नाही.

महाडचे नाव निघाले की आपल्याला तळे आठवते आणि आग आठवते. दावा फारसा आठवत नाही. परंतु ज्याला कोर्टाचे नाटक लिहायचे किंवा करायचे आहे त्याने तो दावा वाचला पाहिजे, कारण आपल्या इतिहासातले खरे कोर्टाचे नाटक ते आहे.

त्याचा क्रम असा. 1923 साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असे ठरवले. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केले, पण कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या आणि तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले. परिषदेला सवर्णांपैकी कोणी जागा देईना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. आणि 12 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या स्पृश्यांनी दिवाणी दावा दाखल केला. प्रतिवादींत बाबासाहेब होते, शिवतरकर होते. दोनच दिवसांत, 14 डिसेंबरला, कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

नाट्याच्या दृष्टीने हा क्षण किती बिकट होता ते पाहा. हजारो माणसे जमली आहेत. त्यांची पाण्यावर जायची तयारी आहे, तुरुंगात जायचीही आहे. आणि नेता स्वतः बॅरिस्टर आहे. हुकूम मोडला तर लोकांचा उत्साह राखला जातो. पाळला तर भ्याडपणाचा आरोप येतो. 27 डिसेंबरला सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय झाला. मनूचा कायदा जाळणाऱ्या माणसांनी दोन दिवसांनी कोर्टाचा हुकूम पाळला. या दोन कृतींत विसंगती आहे काय? मला वाटत नाही. ज्या कायद्यात माणसाची किंमत जातीवर ठरते तो जाळायचा असतो. ज्या कायद्यात वादी आणि प्रतिवादी एका रांगेत उभे राहतात तो, कितीही अपुरा असला तरी, लढवायचा असतो.

तो दावा सव्वानऊ वर्षांच्या आसपास चालला. मनाई हुकूम फेब्रुवारी 1928 मध्ये उठला. 8 जून 1931 रोजी महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. 30 जानेवारी 1933 रोजी ठाण्याच्या कोर्टाने अपील फेटाळले. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने शेवटचे अपील फेटाळले. पाणी प्यायल्याला तेव्हा दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते. हायकोर्टातले न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हेच 1922 साली अहमदाबादला गांधीजींवरील राजद्रोहाच्या खटल्यात न्यायाधीश होते. गांधीजींचा तो खटला आपल्या पाठ्यपुस्तकांतून मुलांना चांगला माहीत असतो. त्याच न्यायाधीशापुढच्या महाडच्या दाव्याची माहिती किती मुलांना असते?

त्या दाव्याचा गाभा एका प्रश्नात होता: सिद्ध कोणी करायचे? चावडीवर अस्पृश्याने सिद्ध करायचे असते की मलाही पाणी पिण्याचा हक्क आहे. कोर्टात वादींना सिद्ध करावे लागले की त्याला दूर ठेवण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आलेली आहे. ते त्यांना सिद्ध करता आले नाही. 'पूर्वापार चालत आले आहे' हे वाक्य गावात शेवटचे असते. कोर्टात ते फक्त पहिले वाक्य ठरले आणि त्यापुढे पुरावा मागितला गेला. पुराव्याचा भार उलटला. एका अर्थी आपल्या सगळ्या चळवळीचा आशय हाच आहे.

इथे कोणी म्हणेल की मी कोर्टाचे गोडवे गातो आहे. तसे नाही. विदर्भातल्या माणसाने ते गाण्याचे धाडस करू नये. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाला. हेच मथुरा प्रकरण. सेशन्स कोर्टाने तिच्या पूर्वीच्या संबंधांची चर्चा करून आरोपींना सोडले. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. 1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलावा लागला. आरोपी पोलीस होते, पण चारित्र्याची तपासणी मुलीची झाली. 1967 च्या नाटकातली बेणारे आणि 1974 च्या सेशन्स कोर्टातली ती मुलगी यांच्यात जातवर्गाचे केवढे अंतर! तरी दोघींना विचारलेले प्रश्न एकच.

पुढे 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हाही आधी मेलेल्या आईच्या चारित्र्याची कुजबुज पसरवण्यात आली. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरले, त्यांतल्या सहा जणांना फाशी सुनावली. परंतु अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाला नाही असे म्हटले. 2010 साली हायकोर्टाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली. म्हणजे खून झाला, पण तो जातीमुळे झाला हे कागदावर उतरले नाही. चावडी कोर्टाबाहेर थांबत नाही. ती कधी साक्षीदाराच्या, कधी तपास अधिकाऱ्याच्या, तर कधी निकालपत्राच्या भाषेतून आत येते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 2014 च्या 'कोर्ट' या चित्रपटात वृद्ध शाहीर नारायण कांबळे पिंजऱ्यात उभा असतो आणि बाकीचे त्याच्याविषयी बोलत राहतात. ती भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. 2021 साली ते गेले. त्या चित्रपटात कोणी ओरडत नाही, कोणी खलनायक नाही. तारखा मात्र पडत राहतात. ज्याने तारखा भोगल्या आहेत त्याला त्यातली भीती लगेच कळते.

तेव्हा कोर्ट हे आपले मंदिर नाही आणि आपला शत्रूही नाही. चावडीला जाब विचारता येतो अशी ती एक जागा आहे, आणि ती जागाही रोज लढवावी लागते.

आता दुसरा आक्षेप, घरातला. तो अधिक कठीण आहे, कारण तो आपल्याच माणसांचा आहे. 'असल्या बाईचे सोंग' या शब्दांत काशीकरांच्या कोर्टाचा निकाल आधीच आलेला आहे. आपण मनुस्मृती जाळणाऱ्यांचे वारस. 25 डिसेंबरला आपण तो दिवस पाळतो, भाषणे करतो. पण वस्तीतली एखादी मुलगी स्वतःच्या मनाने लग्न ठरवते, एखादी परित्यक्ता नोकरी करून एकटी राहते, तेव्हा आपल्या ओट्यावर कोणते कोर्ट भरते? तिथे तिचा वकील कोण असतो? आणि त्या प्रकरणातला पुरुष कुठे असतो? दामलेची खुर्ची आपल्याही ओट्यावर रिकामीच असते. हिंदू कोड बिलाची वाट अडवली गेली, म्हणून ज्यांनी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यांचा फोटो त्या ओट्याच्या भिंतीवर असतो. हे सांगताना मला सुख होत नाही. पण नियतकालिकातून हे बोलायचे नाही, तर कुठे बोलायचे?

त्या मुलीने मला विचारलेला प्रश्न इथे नमूद करतो. ती म्हणाली, "सर, बेणारेबाई शाळेत चांगल्या शिकवतात, पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. हे खरं का खोटं, असं त्या कोर्टात एकानंही का नाही विचारलं?" मी इतकी वर्षे हे नाटक वाचतो आहे. या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मी फार थोड्या लेखांत वाचला. आरोपीच्या कामाची, कष्टाची, माणूसपणाची नोंदच घ्यायची नाही आणि फक्त तिच्या देहाची नोंद घ्यायची, हे त्या कोर्टाचे पहिले कलम आहे. दलिताच्या बाबतीत हेच जातीचे कलम असते. घरी आईवडिलांनी अजून होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. तिची आई मला म्हणाली, "सर, तुमचं पटते मले. पण नाटक झाल्यावर लोकाईच्या तोंडाले तुम्ही हात लावसान का?" या प्रश्नाला माझ्याजवळ पुस्तकातले उत्तर नाही. वस्तीतल्या बायाबापड्यांना पहिल्या रांगेत बसवून त्यांच्यादेखत हा खेळ करणे, एवढेच उत्तर मला सुचते. तालमी त्यामुळेच आम्ही विहाराच्या आवारात, उघड्यावर घेतो आहोत. येणारी-जाणारी बाई थांबते, ऐकते आणि काशीकरला नावे ठेवून पुढे जाते. तीही एक साक्षच आहे.

हे नाटक करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि बसवणाऱ्या शिक्षकांना माझे सांगणे थोडके आहे. सामंताला विदूषक करू नका. तो खेड्यातला भाबडा माणूस आहे, पण त्याला खोटी साक्ष द्यायला लावणारे शहरी शहाणे आहेत, हे प्रेक्षकाला दिसले पाहिजे. सुखात्मेच्या तोंडचे मनूचे वचन घाईत उरकू नका. त्या वचनाला महाडचा संदर्भ आहे हे नटाला ठाऊक असू द्या. दामलेची खुर्ची रंगमंचावर खरोखर ठेवा आणि शेवटपर्यंत रिकामी ठेवा. भूमिका वाटताना उच्चार कोणाचे 'शुद्ध' ते पाहू नका. न्यायाधीशाची भाषा एकाच वस्तीतून यावी असा नियम संविधानात नाही.

आणि एवढ्यावर थांबू नका. अमेरिकनांनी डेटनच्या खटल्याचे नाटक तीस वर्षांत केले. महाडच्या दाव्याचा हायकोर्टाचा निकाल लागून आठ दशके उलटून गेली आहेत. त्याची तीन निकालपत्रे आहेत, वाद-प्रतिवाद आहेत, तारखा आहेत. महाविद्यालयातल्या मुलांनी ती मराठीत आणावीत आणि भूमिका वाटून घेऊन मोठ्याने वाचावीत. त्याला पडदा नको, रंगभूषा नको. एक टेबल आणि चार खुर्च्या पुरेत. 'पूर्वापार चालत आले आहे' असे वादींचा वकील म्हणेल. मग दुसऱ्या बाजूने एक मुलगा किंवा मुलगी उठून विचारील: पुरावा काय? ढाणकीतल्या मुलांनी हे वाचन आधी आणि 'शांतता!' नंतर, अशा क्रमाने करायचे ठरवले आहे. ज्या गावात महाविद्यालय आहे, विहार आहे आणि चावडीही आहे, अशा कोणत्याही गावात ते करता येईल.